सडक ओलांडायचा हंगाम

दिवाळी सरली की आमच्या सडकेच्या बाभळींना कापूस लागतो. झाडाचा नव्हे. भरलेल्या गाड्यांतून उडतो आणि काट्यांना अडकून बसतो तो. पूर्वी बैलगाड्यांतला अडकायचा, आता टेम्पोतला अडकतो. काट्याला काय, सगळं सारखंच.

परवा त्या बाभळींखाली दोन पोरं उभी होती. तीन पायांच्या स्टँडवर कॅमेरा लावलेला, तोंड सडकेकडं. कॉलेजातून आलोत म्हणाली. गाड्या किती जातात, धूर किती होतो, अपघात कुठं होतात, याचा अभ्यास चाललाय. मी म्हटलं, “मग मोजा की. नुस्ते उभे कामून ऱ्हायलाव?”

“आजी, मशीनच मोजतं.”

“पायी जानारी मानसं बी?”

“मोजतं. पण गर्दीत जरा चुकतं.”

पोरं मोबाईल बघायला लागली, मशीन मोजत राहिलं. मी थोडा वेळ थांबले. मग ऊन लागलं म्हणून घरी आले. पण दोन दिवस झाले, डोक्यात जुनी सडक चालू आहे. आमचं हवा-पंक्चरचं दुकान, मालक म्हणजे माझे यजमान, आमची लेक सुमन, आणि विद्यापीठातून आलेली ती बाई.

नामांतराच्या वर्षांतली गोष्ट. सन सांगता येणार नाही, सुमन पाचवीत होती एवढं पक्कं. परभणी गाव जिथं संपायचं आणि जिंतूरची सडक सुरू व्हायची तिथं आमचं टिनाचं शेड होतं. पुढं थोड्याच अंतरावर कापूस खरेदीचं फाटक. पंक्चर मालक काढायचे, हवा मी भरायची. सायकलीला हवा भरणं काही नाही, पण टायरच्या बैलगाडीला भरायची म्हणजे पोटातलं पाणी हलतं. हंगामात फाटकापासून आमच्या शेडापर्यंत आणि त्याही मागं गाड्यांची रांग लागायची. माणसं दोन-दोन दिवस तिथंच राहायची, गाडीखाली झोपायची, तीन दगडांवर भाकरी भाजायची. बाई पंप मारते म्हटल्यावर गाडीवाल्यांना चेव यायचा.

“गयाबाई, आमच्या बैलात बी भर की जरा हवा, लय मरगळल्यालेत.”

“बैलाला कशाला? आदी तुमच्यात भरते. वालूरपस्तोर उडत जाताल.”

मालक परातीतल्या पाण्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघत असायचे. हसायचे नाहीत, पण मान हलायची.

सरकीचा वास, शेणाचा वास आणि त्यावर डिझेलचा. ट्रक गेला की कापूस आधी काळा व्हायचा आणि मग उडायचा. तो वास आता येत नाही. आता नुसतं डिझेल येतं. मालकही नाहीत. धुरानं गेले की बिडीनं, ते डॉक्टरला मी विचारलं नाही. विचारून काय करायचं होतं?

ती बाई आली तेव्हा हंगाम नुकता लागला होता. अंगानं काडी, खांद्याला झोळी, हातात छत्री. शेडाच्या सावलीला उभी राहिली आणि म्हणाली, “मावशी, मी इथं रोज बसले तर चालेल का?”

“बसा की. पन इकायलाव काय?”

“काही नाही विकत. मला मोजायचंय.”

“काय मोजायचंय?”

“या सडकेवरून जाईल ते सगळं.”

मालक खालच्या आवाजात म्हणाले, “खुळी हाय. पानी दे तिला.”

खुळी नव्हती. औरंगाबादला विद्यापीठात शिकत होती, प्रबंध लिहायचा होता. मराठवाड्यातल्या गावांत गाड्या वाढल्या, त्यांचा धूर किती, त्यांच्याखाली माणसं कुठं येतात, हे तिला शोधायचं होतं. नाव वसुधा. मी बाईच म्हणायची. वयानं माझ्या धाकट्या बहिणीएवढी, पण शिकलेली म्हणून बाई.

धूर मोजायला ती काचेच्या पट्ट्यांना व्हॅसलिन लावून आमच्या टिनावर ठेवायची. धुराचे कण त्याला चिकटतात म्हणे. आठ दिवसांनी पट्टी खाली काढली तर तिला शेळीसारखे केस आलेले. सगळा कापूस.

बाई पट्टी हातात धरून रडकुंडीला आली. “मावशी, माझा धूर कुठं गेला?”

“धूर खाली हाय बाई. वर आमचं पीक हाय.”

ती एवढी हसली की रांगेतला एक गाडीवाला उठून बघायला आला. मग आम्ही दोघींनी चिमट्यानं एकेक तंतू काढला. दुपार गेली त्यात. अशी दुपार मला नंतर मिळाली नाही. कामं पुष्कळ केली, पण दुसरी बाई शेजारी बसून, दोघींनी एकाच काचेत डोळे घालून केलेलं काम तेवढंच.

तिला स्टेशनकडच्या चौकातही मोजायचं होतं. एका जिवाला दोन जागी बसता येत नाही. एक दिवस विचारलं, “मावशी, तुम्हाला लिहिता येतं?”

“चौथी झालीया माझी.”

“मग झालं तर.”

तिनं मला छापील कागद दिले. त्यावर रकाने. ट्रक, एसटी, जीप, फटफटी, सायकल, बैलगाडी, आणि शेवटचा पायी सडक ओलांडणाऱ्यांचा. एक गेलं की एक रेघ. चार उभ्या आणि पाचवी आडवी, म्हणजे जुडी बांधली. सकाळी शाळेच्या वेळेला एक तास आणि दिवस कलताना एक तास. मी दोन गिऱ्हाइकांच्या मधल्या वेळात रेघा ओढायची. गुडघ्यावर कागद, कानावर पेन्सिल. मालक म्हणायचे, “तलाठी झालीस.” झाले होतेच.

आता सुमनचं सांगते. पाचवीपासूनची शाळा सडकेच्या पलीकडं होती. जूनपासून दिवाळीपर्यंत काही अडचण नव्हती, सडक मोकळी असायची. हंगाम लागला की एकीकडून गाड्यांची रांग, दुसरीकडून कापसाच्या गाठी भरलेले ट्रक, मधून एसटी. मी पंप टाकून तिला हाताला धरून पलीकडं सोडायची आणि दुपारी परत आणायची. वस्तीतली दुसरी लेकरंही तिथंच ओलांडायची, पण त्यांच्यात पोरंच जास्त. ती कुत्र्यासारखी पळत सुटायची. पोरी दोन-चारच, त्यातली एक आमची.

कडेला उभं राहावं लागायचं. कधी थोडं, कधी बराच वेळ. सुमनच्या बोटांना शाई लागलेली असायची, ती माझ्या तळव्याला लागायची. ट्रक जवळ आला की मी हात दाबायची आणि ती बोलायची थांबायची. ट्रक गेला की जिथं सोडलं होतं तिथूनच पुन्हा सुरू. तिच्या वर्गातल्या एका पोरीनं दुसरीची पट्टी चोरली ते तिनं मला तिथं सांगितलं. गणिताच्या गुरुजींची भीती वाटते तेही तिथंच. आणि एकदा विचारलं, “आई, तू मोठी होऊन काय व्हनार होतीस?” घरात अशी विचारायची नाही. घरात आम्ही एकमेकींच्या तोंडाकडं बघत असू, म्हणून असेल. तिथं दोघींचीही तोंडं सडकेकडं असायची.

मी म्हटलं, “काय की. कुनी इचारलं न्हाई.” मग ट्रक आला.

मार्गशीर्षात एक सकाळ धुई पडली. दहा वाजले तरी धुकं फिटलं नव्हतं. आम्ही दोघी कडेला उभ्या होतो. रिकामी बैलगाडी परत निघाली होती आणि धुईतून ट्रक आला. गाडीवाला वाचला, उजवीकडचा बैल गेला. लगेच नाही गेला. पाय झाडत राहिला आणि गाडीवाला त्याचं डोकं मांडीवर घेऊन मधोमध बसला. एसटी थांबली, ट्रक थांबले, सगळी सडक त्या दोघांसाठी थांबली. सुमननं सगळं बघितलं. मी तिचे डोळे झाकले नाहीत. सुचलंच नाही.

बाईकडच्या अपघातांच्या कागदात माणसांना रकाना होता, बैलाला नव्हता. तिनं कडेच्या कोऱ्या जागेत लिहिलं.

त्या दिवशी मालक म्हणाले, “उद्यापासून पोरगी घरी. हंगाम सरला की बगू.”

मला हे वाक्य पाठ होतं. मी लहान असताना पाचवीची शाळा ओढ्यापलीकडच्या गावात होती. ओढा उतरला की बघू म्हणाले. ओढा दसऱ्याला उतरला. तोवर मी घरी असायची सगळ्यांना सवय झाली होती. कुणी नाही म्हणालं नाही, कुणी वाईटही नव्हतं. फक्त कुणी बघितलं नाही.

मी मालकांना म्हटलं, “हंगाम दरसाली येतो. पोरगी पाचवीत येकदाच येती.”

“अन् येकांदे दिशी तुला ताप आला, तर कोन न्हेनार? त्या बैलावानी झालं मग?”

ते काही खोटं बोलत नव्हते. मी बाईकडं बघितलं. ती म्हणाली, जिथं पायी ओलांडणारी माणसं जास्त, विशेष करून लेकरं, अशा जागांची यादी तिचे सर बांधकाम खात्याला देणार आहेत. यादीत आलं की गतिरोधक होण्याची आशा असते. मालकांनी ऐकून घेतलं. “संक्रांतीपस्तोर वाट बगतो,” म्हणाले. “यादीत आलं तर जाऊ द्या. न्हाई आलं तर घरी. मग मला कुनी काई म्हनू नका.”

मध्येच एक बंद झाला. विद्यापीठाच्या नावावरून तेव्हा सारखं काहीतरी चालू असायचं, कधी नाव बदला म्हणून, कधी बदलू नका म्हणून. एसटी नाही, ट्रक नाही, फाटकाला कुलूप. बाई आदल्या दिवशी आली ती आमच्याकडंच अडकली. सकाळी कागद घेऊन जागेवर बसली.

मी म्हटलं, “काय मोजताव? काईच न्हाई सडकंवर.”

“काहीच नाही तेही लिहावं लागतं, मावशी.” आणि तिनं रकान्यारकान्यात शून्य मांडलं.

शाळा बंद होती. वस्तीतल्या पोरींनी डांबरावर कोळशानं चौकटी आखल्या आणि ठिकरी खेळायला लागल्या. सडकेच्या मधोमध. सुमन एका पायावर उड्या मारत पांढऱ्या पट्ट्यापर्यंत गेली आणि परत आली. मी आयुष्यात पहिल्यांदा त्या सडकेचा आवाज ऐकला. वारा होता तिला. मी बाईला विचारलं, “तुमच्या इद्यापीठाचं नाव काय व्हनार शेवटी?” ती म्हणाली, “व्हायचं ते व्हायलाच पाहिजे. पण मावशी, मला घरी पत्र आलंय, यंदा प्रबंध नाही झाला तर लग्न.” म्हणजे तिच्याही मागं कुणीतरी संक्रांत लावलेली होती.

मग ती कागदांचा गठ्ठा घेऊन औरंगाबादला गेली आणि आठ-दहा दिवसांनी आली ती तोंड पाडून. आमचा शेडाजवळचा नाका सरांनी यादीतून काढला होता.

“का?”

तिनं माझेच कागद माझ्यापुढं ठेवले. ट्रकच्या जुड्या, सायकलींच्या जुड्या, बैलगाड्यांच्या तर पानभर. शेवटच्या रकान्यात सकाळच्या तासाला जवळजवळ काही नाही. कुठं एखादा भंगारवाला, कुठं एखादा साधू.

“मावशी, शाळेच्या वेळेला इथं लेकरं ओलांडतात. मी डोळ्यांनी बघितलंय. तुम्ही सुमनला रोज हाताला धरून नेता. ती कागदावर का नाही?”

मी म्हटलं, “ती माझी हाय म्हनून.”

तिला कळेना. मी तिला समजावलं. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला आम्ही एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. गोठ्यातली जनावरं बोट दाखवून मोजत नाही. लेकरं किती, असं कुणी विचारलं तर हायती देवाच्या दयेनं, एवढंच सांगतो. मोजलं की नजर लागते. ट्रक परक्याचे, ते मोजले. भंगारवाला परका, तो मोजला. त्या वेळेला पायी ओलांडणारी बाकीची सगळी आमच्या वस्तीची लेकरं होती. ज्यांची नाकं मी पुसली त्यांच्यावर रेघ कशी ओढू?

बाई रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, “मावशी, जे कागदावर नाही ते सडकेवर नाही. सरांना तेवढंच कळतं.”

संक्रांतीला थोडेच दिवस राहिले होते. सरांनी तिला एकदा पुन्हा मोजायची परवानगी दिली होती, आठ दिवसांची. या वेळी ती स्टेशनकडं गेली नाही, माझ्याजवळ उभी राहिली. पहिल्याच सकाळी शेजारची कोंडाबाई कमरेवर हात ठेवून आली.

“गया, आमची लेकरं मोजायलीस व्हय? काय बाजाराला न्यायचीत?”

“तुजी मोजते अन् माजी बी मोजते. काय व्हायचं ते सगळ्यांचं व्हईल.”

“नजर लागंल ना बया!”

“संध्याकाळी मीठ-मोहऱ्या घेऊन ये. सगळ्यांवरून ववाळू.”

आणि तसंच केलं. सकाळी रेघा ओढायच्या, संध्याकाळी रेघा ओढलेल्या सगळ्या लेकरांना शेडापुढं रांगेत बसवायचं आणि मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकायच्या. लेकरांना मजा यायची. बाईनं तेही आपल्या वहीत लिहून घेतलं, सरांना दाखवलं की नाही ठाऊक नाही. पहिलं लेकरू सडकेवर उतरलं की मी तोंडानं “लाभ” म्हणायची आणि मग रेघ. ट्रकच्या रेघा सरळ आल्यात आणि त्या आठ दिवसांच्या वाकड्या. सुमनची वेळ आली की कागद बाईच्या हातात द्यायचा आणि आम्ही दोघींनी उतरायचं. परत येऊन बघितलं तर बाईनं दोन रेघा ओढलेल्या.

“दोन कशाच्या?”

“एक सुमनची, एक तुमची.”

“मी काय, मी हवावाली. परत येते मी.”

“मग परत येतानाची पण एक,” म्हणाली आणि तिसरी ओढली.

आठ दिवस झाले, ती गेली. संक्रांतीच्या आधी कार्ड आलं, नाका यादीत आहे. मालकांनी ते दोनदा वाचायला लावलं आणि पुन्हा पंक्चर काढायला बसले. म्हणजे सुमन जाणार. त्यानंतर बाईचं कार्ड नाही, तीही नाही. तिचा प्रबंध झाला की लग्न झालं, मला माहीत नाही. तिनं यायला पाहिजे होतं असं काही नाही, तिचं काम झालं होतं. पण पुढच्या हंगामाला मी शेडाच्या सावलीची जागा झाडून ठेवली होती. त्याच्या पुढच्यालाही.

सुमन आता वालूरला शाळेत शिकवते. तब्येतीनं ठणठणीत आहे, नवरा बरा आहे. पंधरा दिवसांनी स्कूटीवर येते, दारात हॉर्न वाजवते. डोक्यावर टोप असतो, तो काढेपर्यंत तोंड दिसत नाही. जाताना म्हणते, “आई, सडकेवर नीट बघून चालत जा.” मी हो म्हणते. तिला त्या पट्टीचोरीची आठवण करून दिली तर म्हणाली, कोणती गं? तिला ते आठवत नाही. आठवायचं कारणही नाही. तिला पलीकडं जायचं होतं, ती गेली. कडेला उभं राहण्याची वेळ तिच्या लेखी वाया गेलेली होती. माझ्या लेखी तेवढीच माझी होती. हे तिला सांगितलं तर ती गाडी थांबवून रडत बसेल, म्हणून सांगत नाही.

तर त्याच वर्षी, संक्रांत झाल्यावर माघ महिन्यात एक दिवस ट्रॅक्टरमधून खडी आणि डांबराचे पिंप आले. चार माणसांनी सडकेवर आडवा उंचवटा केला. कुणी म्हणे मंत्री येणार आहेत, कुणी म्हणे बैलवाल्यानं अर्ज केला होता. मी म्हणते रेघांनी झालं. खरं कुणालाच ठाऊक नाही. डांबर सुकलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून ट्रक तिथं येऊन गुरगुरत हळू व्हायला लागले. मालक शेडातून बघत होते. “झालं बग तुज्या मनासारखं,” म्हणाले.

दहा वाजायला आले. मी एका गाडीच्या चाकात हवा भरत होते. पंप ठेवायला लागले तर सुमन दप्तर अडकवत म्हणाली, “आई, र्‍हाऊ दे. गिराईक हाय. जाते मी.”

आणि ती गेली. ट्रक हळू झाला, तिनं बघितलं, पलीकडं पोचली. पळाली नाही, मी शिकवलं होतं तशी चालत गेली. मागं वळून बघितलं नाही. बघायचं नसतंच, सडकेवर पुढं बघायचं असतं. तेही मीच शिकवलं होतं.

मी पंप तसाच टाकून कडेला जाऊन उभी राहिले. कशाला ते सांगता येणार नाही, पायांना सवय होती. गाठी भरलेला ट्रक उंचवट्यापाशी आला आणि थांबलाच. ड्रायव्हर चांगला माणूस होता. खिडकीतून हात काढून मला खुणवायला लागला, जा मावशी, जा. मागं एसटी थांबली, तिच्या मागं गाड्या. मी मानेनं नाही म्हटलं. त्याला वाटलं मी भ्याले, म्हणून तो आणखी थोडा वेळ थांबला. पण पलीकडं माझं काही काम नव्हतं.